वहिनींचा पत्ता

— नाही हो ताई, देत नाही असं कुठे म्हटलं मी? पत्ता नाहीये असं म्हटलं, त्यात फरक आहे — बसा तर आधी. ते स्टूल नको, त्याचा एक पाय आखूड आहे, ही खुर्ची घ्या, मालकांची आहे पण मालक काही आज यायचे नाहीत. पाच तास बसमधून आलात, ही एवढी पिशवी मांडीवर घेऊन? ठेवा ना खाली, फरशी आत्ताच पुसलीय. नाही? बरं, असू द्या मांडीवर. तर तुम्ही बोथट सुई! मला आपलं कसं कोण जाणे वाटायचं, की वेबसाइटवर स्वतःला बोथट सुई म्हणवून घेणारी बाई म्हणजे ठेंगणी, गोल चेहऱ्याची, सारखी हसणारी असणार — आणि तुम्ही तर दारातून वाकून आलात. असंच असतं, जो तो दुसऱ्याला आपल्या मनाने रंगवतो. मी? मी 'दुकानातली'. हो, तीच, रोज सकाळी 'आज नवी लोकर आली आहे' असं लिहिते ती. अहो, मीच. नाही आठवत तर नाही आठवत, ओशाळताय कशाला, माझं लिहिलेलं कुणी वाचत असेल असा माझाही काही गैरसमज नाही.

पत्ता. हं. तुमचं म्हणणं कळलं मला. आपल्या अंगणातल्या — म्हणजे वेबसाइटवरच्या आपल्या गप्पांच्या पानावरच्या — मोठ्या वहिनी गेल्या, त्याला आज तेवीस दिवस झाले. मग तुम्ही चाळीस जणांनी मिळून एकेक चौकोन विणला, सगळ्यांनी आपापला चौकोन टपालाने तुमच्याकडे धाडला, तुम्ही ते जोडले, त्याचं पांघरूण झालं, आणि ते आता वहिनींच्या यजमानांना, भाऊंना, हातात नेऊन द्यायचंय, कारण तो माणूस मागे एकटा राहिलाय. बरोबर? किती सरळ आहे. मी पत्ता सांगितला की झालं. पण सभासदांचे पत्ते कुणाला द्यायचे नाहीत असा आमचा नियम आहे. लेखी? लेखी नाही. केव्हा केला? तुम्ही दारातून आत आलात तेव्हा केला. तुम्हाला हसू येत नाहीये, दिसतंय मला. तीस वर्षं टपाल खात्यात काढलीत तुम्ही, माणूस आहे आणि पत्ता नाही, हे तुम्हाला पटायचंच नाही. पावसात अक्षर धुऊन गेलेली पाकिटंसुद्धा पोचवलीत, तुम्हीच लिहिलं होतंत एकदा, आणि वहिनींनी त्यावर तुमचं केवढं कौतुक केलं होतं. केलं होतं ना? मला चांगलं आठवतं. मला का आठवतं? — वाचते ना मी सगळं. कामच आहे माझं.

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई टोलवतेय. टोलवतेच आहे म्हणा. तर हे लोकरीचं दुकान मालकांचं, मालकांना एकच मुलगी, आणि त्या मुलीला एकच नवरा — जावई. हुशार हो, भलताच हुशार, इतका की कुठल्याच नोकरीला तो झेपला नाही. त्याने दुकानाची वेबसाइट काढली. काढली ती काढली, वर दोन दिवसांचं शिबिर करून आला — वेबसाइटवर येणाऱ्या लोकांचा समाज कसा बांधावा! दोन दिवसांत माणसाला धड टाके घालता येत नाहीत, सुई कशी धरायची यातच पहिला दिवस जातो, पण याला समाज बांधता यायला लागला. आल्या आल्या मला आणि मालकांना इथे काउंटरपाशी उभं केलं आणि भिंतीवर चित्र पाडून दाखवलं. महिन्याला नऊ हजार पाहुणे, सरासरी चाळीस सेकंद थांबतात. 'नऊ हजार माणसं आपल्या दारात येतात, चाळीस सेकंद उभी राहतात आणि निघून जातात,' म्हणाला, 'हे आपलं अपयश आहे.' मी म्हटलं, अहो, दुकानात येणारेही तेवढेच थांबतात, हवा तो रंग नाही म्हटलं की चालायला लागतात, त्यात रडायचं काय? तर म्हणाला, 'काकू, त्यांना आपलेपणा वाटला पाहिजे.' काकू! नऊ वर्षांनी मोठी आहे मी त्याच्याहून, नऊ! 'त्यांना इथे घरच्यासारखं वाटलं पाहिजे.' घरच्यासारखं वाटलं की माणसं काय करतात ते याच्याच घरी जाऊन बघा एकदा — सोफ्यावर ओले टॉवेल. पण मालक म्हणाले, वाटू दे. आणि हा आपलेपणा वाटवायचा कुणी? तर मालक माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, ही, ही दुपारी दोन ते चार रिकामीच बसलेली असते.

म्हणून ते 'अंगण'. नाव त्याचंच — उभ्या जन्मात हातात केरसुणी धरली नसेल त्याने. तिथे विणणाऱ्यांनी यायचं, गप्पा मारायच्या, फोटो लावायचे, अडलं-नडलं विचारायचं. पहिल्या दिवशी मी लिहिलं, 'नमस्कार, आपले स्वागत आहे, आपण सध्या काय विणत आहात?' तासभर विचार करून लिहिलं होतं. अकरा दिवस कुणी चकार शब्द काढला नाही. बाराव्या दिवशी एक उत्तर आलं. काय असेल? 'दुकान रविवारी उघडं असतं का?' झाला समाज! जावई म्हणाला, 'काकू, रिकाम्या अंगणात कुणी पाय ठेवत नाही, आधी आपणच थोडी माणसं बसवायची.' बसवायची म्हणजे? म्हणजे मीच चार-पाच नावं घ्यायची आणि आपलं आपल्याशी बोलत बसायचं. मी म्हटलं, अहो, हे खोटं नाही का? तर म्हणाला, 'खोटं नाही, ही सुरुवात आहे. शिबिरात सांगितलंय.' शिबिरात सांगितलंय म्हटल्यावर मी कोण बोलणार? मी शाळेच्या पुढे शिकलेली नाही, आणि तो प्रमाणपत्र घेऊन आलेला, चौकटीत बसवलेलं, काचेसकट.

तेव्हा मी पाच माणसं केली. दहा नंबरच्या सुयांच्या खोक्याचं झाकण घेतलं आणि त्याच्या आतल्या बाजूला लिहून काढलं — कोण, काय विणतं, कसं बोलतं — घोळ व्हायला नको म्हणून. एक नवी शिकणारी मुलगी, तिचा रोज एक टाका गळायचा. एक ड्रॉइंग मास्तर, खडूस, हाताने विणण्यापेक्षा मशीनचं विणकाम चांगलं असं ठासून सांगणारा — भांडणाशिवाय लोक थांबत नाहीत, हेही शिबिरातलंच, आणि ते मात्र अगदी खरं निघालं, मास्तरांना चार शब्द सुनवायला म्हणूनच पहिल्या बावीस खऱ्या बायका आल्या. तुम्हीही त्यातल्याच. एक बाळंतीण, सारखी टोपडी विणणारी. एक दूरदेशी राहणारी, आपली लोकर तिथे मिळत नाही म्हणून रडणारी — तिच्या रडण्याने लोकर खपली हो, खोटं नाही सांगत. आणि पाचवी — पाणी देऊ तुम्हाला? गार आहे. नको? चहा? चहाही नको. बरं. पाचवी मोठी वहिनी.

— हो. ऐकलंत ते बरोबर ऐकलंत. नाही, त्यांच्या नावाने दुसरं कुणी लिहायचं, असं नाही. त्या नव्हत्याच. ती पाच पुतण्यांची पाच स्वेटरं, तो पायऱ्या चढताना वाजणारा गुडघा, खिडकीत येऊन लोकर ओढणारी ती मांजर — सगळं इथलं, ह्या काउंटरवरचं, दुपारी दोन ते चारमधलं. तेवीस दिवसांपूर्वी कुणी गेलं नाही, कारण जायला कुणी नव्हतंच. असं एकदम सांगायचं नव्हतं मला. तुम्ही दारात उभ्या राहिलात तेव्हा मी ठरवलं होतं, भाऊ थोरल्या पुतण्याकडे राहायला गेले म्हणून सांगायचं, पांघरूण ठेवून घ्यायचं, आणि तुम्हाला तीनच्या बसला बसवून द्यायचं. किती छान झालं असतं. पण मी अशी, काही लपवायचं ठरवलं की आधी तेच तोंडातून बाहेर पडतं. उठू नका. म्हणजे — उठा, तुमची मर्जी, पण बस तीनला आहे आणि थांब्यावर ऊन आहे. शिव्या द्यायच्या असतील तर सावलीत बसून द्या.

भाऊ? भाऊंचं काय विचारताय, वहिनी निदान ठरवून तरी झाल्या, भाऊ तर चुकून झाले. आठवतं तुम्हाला, एकदा वहिनींनी लिहिलं होतं, 'बायकांना मापातलं काय कळतं, डोळ्याने अंदाज घेतात आणि मग उसवत बसतात'? ते मास्तरांचं वाक्य हो! मी आलटून पालटून लिहीत होते, इकडून मास्तर, तिकडून वहिनी, आणि मधेच एक गिऱ्हाईक आलं, त्याला सात बटणं एकसारखी हवी होती, ती शोधून दिली आणि परत येऊन बसले ती वहिनींच्याच नावावर. पाठवलं आणि मागोमाग आकाश कोसळलं — वहिनी, बरं नाहीये का? वहिनी, हे तुम्ही लिहिलंत? एकीने तर लिहिलं, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, मी अंगण सोडतेय. मग सुचलं तसं लिहिलं, 'माफ करा, आमचे हे शेजारी बसले होते, त्यांनी खोडी काढली.' झालं! नवरा जन्माला आला. चुकलेला टाका चार ओळी वर गेल्यावर दिसला की आपण नाही का म्हणत, नक्षीच आहे ती, तसं. आणि मग तर काय, जो तो विचारायला लागला, भाऊ काय म्हणतात, भाऊंचा राग गेला का. म्हणून मी लिहीत गेले — भाऊ बोलत नाहीत फारसे पण लोकरीची लडी दोन्ही हातांवर धरून तासभर हलत नाहीत. भाऊंनी स्वतः उठून दिवा लावला, मला दिसत नव्हतं म्हणून. असा नवरा कुठे असतो का? नसतो, म्हणूनच लोकांना आवडला. आमचे हे होते तेव्हा खुर्चीवर लोकर दिसली की म्हणायचे, हे आधी उचल. असो. गेलेल्या माणसाविषयी काय बोलायचं, तेही खरोखर गेलेल्या.

मग वहिनींना मारलं कशाला? विचारा, विचारा, बरोबर आहे. जावयाने दुसरं शिबिर केलं. आता नवा नियम — प्रत्येक सभासदाने आपला मोबाइल नंबर द्यायचा, त्यावर आकडे येणार, ते भरले तरच अंगणात यायला मिळणार. एक माणूस, एक नंबर. का, तर म्हणे, 'काकू, हल्ली लोक खोट्या नावांनी येऊन बसतात हो, विश्वासच राहत नाही.' मला म्हणाला! माझ्या तोंडावर! तो विसरला होता, ताई. पाचही जणांना. स्वतःच बसवायला सांगितली आणि दीड वर्षात साफ विसरला. मालकांना आकडे दाखवताना म्हणायचा, 'आपल्या मोठ्या वहिनींसारखे सभासद जोडले गेले हीच आपली कमाई.' मालक मान डोलवायचे, मी बटणं लावायची. मी आठवण करून द्यायला हवी होती, कळतंय. नाही दिली. का? तर आठवण करून दिली असती तर तो म्हणाला असता, मग काढून टाका त्यांना. आणि दीड वर्षं — आता तुम्हाला काय सांगायचं — दीड वर्षं रोज दोन ते चार माझी कुणीतरी वाट बघत असायचं.

तर माझ्याकडे नंबर एकच, तो 'दुकानातली'ला लागला. बाकीच्यांची सोय लावायला घेतली. शिकणाऱ्या मुलीला नोकरी लावून दिली. बाळंतिणीला दुसरं झालं. दूरदेशीच्या बाईला तिथेच लोकर मिळाली. मास्तर 'अशा अडाणी लोकांत मी राहणार नाही' म्हणून फणकारून निघून गेले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तुम्ही तर तीनदा. राहिल्या वहिनी. आता त्यांनाही कुठे पाठवता आलं असतं की. पुतण्यांकडे. नजर अधू झाली म्हणता आलं असतं. हात दुखतो. सतरा सबबी होत्या. पण मी म्हटलं, नाही, वहिनींना लोक हुडकून काढतील, फोन नंबर मागतील, गेल्या असं म्हटल्याशिवाय कुणी थांबायचं नाही. असं मी म्हटलं. स्वतःला. पटलंसुद्धा. तुम्हाला पटलं? — नाही पटलं ना.

आता एवढं सांगून झालंय तर हेही ऐका, मग जा खुशाल. हिवाळ्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आदल्या दिवशी मी अंगणात लिहिलं, माझ्या नावाने, 'दुकानातली'च्या — उद्या डोळ्याचे ऑपरेशन आहे, आठवडाभर येणार नाही. किती जणांनी उत्तर दिलं असेल? तीन. दोघांनी नुसता अंगठा दाखवला, आणि तिसरीने विचारलं, मग माझी ऑर्डर उशिरा येणार का? आणि त्याच दिवशी, जाता जाता, वहिनी आठवडाभर का बोलत नाहीत असं लोकांना वाटायला नको म्हणून त्यांच्या नावाने लिहून ठेवलं, की सर्दी झालीय. सर्दी! नाक गळण्यापलीकडे काही नाही. सेहेचाळीस जणांनी उपाय सांगितले. सेहेचाळीस! तुम्हीही होतात त्यात, वाफ घ्या, भाऊंना पाणी तापवायला सांगा, स्वतः उठू नका. मी परत आले ती एका डोळ्यावर पट्टी, आणि दुसऱ्या डोळ्याने ते सेहेचाळीस उपाय वाचत बसले, आणि वहिनींच्या नावाने एकेकीचे आभार मानत बसले, मीच. त्या दिवशी मला त्या बाईचा असा संताप आला म्हणून सांगू! सगळं मी दिलेलं तिला, माझ्या आईची वाक्यं दिली, माझा दुखरा गुडघा दिला, भला नवरा करून दिला, आणि लोक तिला विचारतात, कशी आहेस, बाई? मला नाही. म्हणून नियम आला तेव्हा मला — आता तुम्ही असं बघू नका — मला बरंच वाटलं. दुकानाच्या नावाने तीन ओळींत संपवली तिला. मोठ्या वहिनी अल्पशा आजाराने गेल्या, वगैरे. शुद्धलेखनसुद्धा तपासलं.

आणि वाटलं सुटले. कुठली सुटतेय? दोनशे चौदा जणांनी लिहिलं. दोन-दोन पानं. मी वाचत गेले आणि गिऱ्हाईकं उभीच, एक बाई म्हणाली, घरात काही झालं का हो? काय सांगणार, माझ्याच मयताला मी बसलेय म्हणून? आणि जावई — जावई रडला! शपथेवर सांगते, त्या दारात उभा राहून डोळे पुसले. 'काकू, त्यांच्या घरी आपण काही पाठवलं का?' म्हणाला. मला तिथेच सांगून टाकावंसं वाटलं, तोंड उघडलंही होतं, पण तेवढ्यात त्याला कल्पना सुचली. 'वहिनी स्मृती सप्ताह'! वहिनींच्या आवडत्या मोरपंखी लोकरीवर पंधरा टक्के सूट. ती पाटी बघा खिडकीत, अजून तशीच आहे. वहिनींना मोरपंखी रंग का आवडायचा, माहितीये? कारण तो खपत नव्हता.

काय म्हणालात? जरा मोठ्याने — दहा ओळी? हां. त्या दहा ओळी. तुमच्या आई गेल्या तेव्हा. तुम्ही लिहिलं होतंत, सकाळी उठावंसंच वाटत नाही, उठून करायचं काय, तीस वर्षं घरी आल्यावर 'आज काय काय आलं टपालात' म्हणून विचारणारं माणूस गेलं. आणि वहिनींनी लिहिलं, काही करू नका, फक्त दहा ओळी विणा आणि मला सांगा, इकडे मीही दहा विणते. एकशे चाळीस दिवस चाललं ते. ते शिबिरात नव्हतं हो. ते जावयाला माहीतच नाही, ते तुमचं-आमचं खाजगी पान होतं. रविवारी दुकान बंद, तर मी घरून लिहायची. — विणल्या का मी खरंच? विणल्या. नाही, आता खोटं कशाला, ऑपरेशनच्या वेळी अंगणात गेले नाही तरी तुम्हाला घरून लिहीत होते, त्यातले दोन दिवस नाही विणल्या आणि विणल्या म्हणून लिहिलं, ते दोन दिवस खोटे. बाकीच्या विणल्या. तुमचं 'झाल्या' यायच्या आत माझ्या व्हायला हव्यात म्हणून आधी ओळी, मग दूध तापवायचं. कशाच्या म्हणजे? कशाच्याच नाहीत, नुसती पट्टी, लांबच लांब, घरात उलगडायची म्हटलं तर स्वयंपाकघरातून निघून दारापर्यंत जाते. वापरणार कोण? एकटीच तर असते मी.

तुम्ही काय करताय — अहो, काउंटरवर कशाला, तिथे कात्री आहे, थांबा, सरकवते. पसरा आता ते पांघरूण. — हे सगळं? चाळीस? हा चौकोन कुणा खऱ्याखुऱ्या नवशिकीचा दिसतोय, टाके बंद करताना आवळलेत, म्हणून सगळी ओळ एका बाजूला ओढली गेलीय. हा मास्तरांशी सगळ्यात जास्त भांडायची तिचा असणार, एक टाका इकडचा तिकडे नाही. हा कुणाचा? पोस्टकार्डासारखा सरळ. तुमचा! वाटलंच. आणि सगळ्यांनी मोरपंखीच घेतलाय. पंधरा टक्के सवलतीतला. देवा. — नाही हो, मी काही रडत नाही, ऑपरेशन झाल्यापासून हा डोळा असाच गळतो.

घडी घालू आता? तर हे तुम्ही घरी न्या. मला? मला नका देऊ, मी काय करू, मी कोण त्याची? न्या आणि सगळ्यांना सांगा. तुम्हीच सांगा, तीस वर्षं लोकांना बऱ्या-वाईट बातम्या पोचवल्यात, तुम्हाला जमेल नीट. — मी? मी नाही सांगणार. मी सांगितलं तर काय होईल माहितीये? जावयाचं हसं होईल, ते होऊ दे, पण तो मालकांकडे जाईल आणि म्हणेल, काकूंनी फसवलं, आणि त्याला खरंच तसं वाटेल, तो विसरलेलाच आहे. बावीस वर्षांची माझी नोकरी जाईल. तीही जाऊ दे एक वेळ. अंगण बंद करतील, ताई. एका बटणात. आणि मग तुम्ही चाळीस जणींनी कुठे जायचं? नसलेल्या बाईसाठी आलात, पण तुम्ही आहात ना. मी बोलले तर तुमचा समाज मोडेल, नाही बोलले तर — नाही बोलले तर तुम्ही बोलाल. नाही बोलणार? तुम्ही नाही बोलणार? मग कोण?

तो की-बोर्ड माझ्याकडे सरकवू नका. सरकवू नका म्हटलं ना. काय लिहू? मला नाही येत असलं काही लिहायला, वहिनींना यायचं. बरं, बघा, हे 'दुकानातली'चं पान. 'नमस्कार, सर्व सभासदांना कळविण्यात येते की' — नाही, हे नको. 'एक चूक झाली आहे.' हेही नको, एक कुठली. 'मोठी वहिनी मीच होते. भाऊ कुणीच नव्हते. मास्तरही मीच होते, त्याबद्दल जास्त माफी मागते.' राहू दे? राहू दे म्हणताय? 'सर्दी मला झाली नव्हती, डोळ्याचं ऑपरेशन मात्र झालं होतं. तुमचं पांघरूण दुकानात काउंटरवर आहे. ज्यांना आपला चौकोन परत हवा असेल त्यांनी कळवावे, मी टाके उसवून देईन.' एवढंच. खाली काय लिहू? नेहमीचं 'दुकानातली'च ना? हं. वाचून बघा एकदा, चष्म्याशिवाय मला नीट — बरोबर आहे? एक काना राहिलाय? कुठे? हां, दिला. — पाठवू? तुम्ही पाठवता? नको, माझं मी.

गेलं.

— कोण? काय हवंय? काळी बटणं, कोटाची? आज नाही. आहेत हो, तो समोर डबा आहे, पण आज मी देत नाही. उद्या या. दुकान उघडं आहे तर आहे, मी कामात आहे, उद्या या म्हटलं ना — आणि दार ओढून घ्या जाताना.

तुम्हाला नाही म्हटलं, ताई. तुम्ही बसा.